कायद्याचा दाखला आणि घरचा उंबरठा

संस्कृत शिकूं लागलेल्या मुलाला पहिल्या वर्षींच एक कोडें पडतें. 'भार्या' हा शब्द स्त्रीलिंगी, हें त्याला सहज पटतें. पण त्याच अर्थाचा 'कलत्र' हा शब्द नपुंसकलिंगी आहे, आणि 'दार' हा तर पुल्लिंगी असून नेहमीं अनेकवचनांत चालतो, हें ऐकल्यावर तें मूल गोंधळून शिक्षकाच्या तोंडाकडे पाहूं लागतें. बायको एकच, तिला तीन लिंगें कशीं? या कोड्याचा विचार आपल्या वैयाकरणांनीं फार पूर्वीं करून ठेविला आहे. इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकांतील पतंजलीनें महाभाष्यांत स्त्री कोणाला म्हणावें, पुरुष कोणाला म्हणावें आणि नपुंसक कोणाला म्हणावें, असा प्रश्न मुद्दाम उपस्थित केला. शरीरावरील चिन्हांवरून केलेली व्याख्या शब्दांना लावूं गेल्यास टिकत नाहीं, हें दाखविलें. आणि शब्दाचें लिंग अखेर लोकव्यवहारावर अवलंबून असतें, अशा निर्णयाला आपलें व्याकरणशास्त्र आलें.

शब्दांच्या लिंगाविषयीं इतकी उदार बुद्धि दाखविणारे आपण माणसांसाठीं मात्र दोनच खण करून ठेवले आहेत, आणि त्यांपैकीं जन्मतः मिळालेल्या खणांत ज्याचा जीव रमत नाहीं त्याला आपण घराबाहेर काढतों. शब्द आणि माणूस एक नव्हेत, हें मला मान्य आहे. व्याकरणावरून माणसांचा न्याय करूं नये. परंतु गेल्या कांहीं वर्षांत आपल्या देशाच्या न्यायालयांनीं व विधिमंडळांनीं ज्या प्रश्नाचा खल केला, तो याच जातीचा आहे: माणूस स्त्री कीं पुरुष, कीं दोहोंहून निराळा, हें ठरवावयाचें कोणीं? शरीरानें, सरकारनें, कीं ज्याचें त्यानें? हा प्रश्न कोर्टकचेरीपुरता आहे असें समजून आपल्या घरांनीं तो बाजूला ठेविला आहे. तो मुळांत घरचाच आहे, हें या लेखांत दाखवावयाचें आहे.

पारलिंगी म्हणजे कोण?

प्रथम शब्दांचा घोळ निस्तरला पाहिजे. कारण अर्धा गैरसमज शब्दांतच आहे. जन्माच्या वेळीं शरीर पाहून मुलगा किंवा मुलगी असें ठरतें. बहुतेकांच्या बाबतींत तें ठरविणें आणि पुढें त्या व्यक्तीला स्वतःविषयीं वाटणें यांत अंतर पडत नाहीं, म्हणून त्याचा विचारहि कोणी करीत नाहीं. पण कांहीं व्यक्तींना जाणतेपणापासून असें वाटत असतें कीं, आपलें शरीर एक सांगतें आणि आपला जीव दुसरेंच सांगतो. अशा व्यक्तींस पारलिंगी म्हणतात. पुरुषदेहांत जन्मलेल्या स्त्रिया यांत जशा आहेत, तसेच स्त्रीदेहांत जन्मलेले पुरुषहि आहेत. त्या दुसऱ्या प्रकारची वार्ता आपल्या कानावर क्वचितच येते. कारण मुलीचें तोंड लग्नाच्या मांडवांत बंद करणें आपल्याकडे सोपें असतें.

ज्यांचें शरीरच जन्मतः दोहोंपैकीं एका प्रकारांत स्पष्टपणें बसत नाहीं, ते आंतरलिंगी. तो प्रकार निराळा. हिजडा किंवा किन्नर हें तर एका समाजाचें, गुरुशिष्यपरंपरेनें बांधलेल्या जीवनक्रमाचें नांव आहे. प्रत्येक पारलिंगी व्यक्ति त्या समाजांत जातेच असें नाहीं. यल्लम्मादेवीला वाहिलेले जोगते हा आणखी एक पंथ. 'तृतीयपंथी' या शब्दानें आपण या सर्वांना एकाच गोणींत भरतों. तें सोईचें असलें तरी अचूक नाहीं.

हा एखादा नाद आहे, वाईट संगतीचें फळ आहे, किंवा डोक्यांतील बिघाड आहे, अशी समजूत सुशिक्षित घरांतहि आढळते. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं मान्य केलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून अंमलांत आलेल्या रोगांच्या वर्गीकरणांत ही स्थिति मानसिक विकारांच्या प्रकरणांतून काढून टाकण्यांत आली. आपल्या जुन्या वैद्यांनींहि, स्त्रीपुरुषांच्या ठरीव सांच्यांत न बसणाऱ्या व्यक्तींचा कारणविचार चरकसंहितेच्या शारीरस्थानांत, म्हणजे गर्भाच्या घडणीच्या प्रकरणांत केला आहे. त्यांची उपपत्ति आज टिकण्यासारखी नाहीं. पण याचें मूळ संगतींत न शोधतां जन्मांत शोधावें, एवढें तरी त्यांस सुचलें होतें.

क्रियापदांतील कबुली

मराठी घरांत ही गोष्ट लपून राहणें कठीण असतें, आणि त्याचें कारण आपली भाषा. बंगाली मुलाला 'मी जातों' म्हणतांना आपण मुलगा कीं मुलगी हें सांगावें लागत नाहीं. इंग्रजी मुलालाहि नाहीं. मराठी मुलाला मात्र प्रत्येक वाक्यांत तें सांगावें लागतें. 'मी जातों' म्हणणारा मुलगा, 'मी जातें' म्हणणारी मुलगी. चार-पांच वर्षांचें मूल अंगणांत खेळतांना एके दिवशीं 'मी येतों' ऐवजीं 'मी येतें' म्हणतें. आई हंसते. आजी म्हणते, बहिणींत वाढलेला आहे, दुसरें काय होणार! पुष्कळदां तें खरेंहि असतें. बहिणींचें ऐकून बोलणारीं अशीं कितीतरी मुलें वर्षा-दोन वर्षांत आपोआप बदलतात, आणि त्याचा बाऊ करण्याचें कारण नाहीं.

पण एखाद्या मुलाच्या बाबतींत हें थांबत नाहीं. आठव्या वर्षीं त्याला चापट बसते. दहाव्या वर्षीं वर्गांत हंशा पिकतो. बाराव्या वर्षीं वडील बोलणें टाकतात. मग तें मूल 'मी जातों' असें बिनचूक बोलूं लागतें आणि सर्वांना वाटतें, खूळ गेलें. खूळ गेलेलें नसतें. मुलाला आपलें मन झांकण्याची संवय लागलेली असते. ज्या भाषेंत प्रत्येक वाक्य उच्चारतांना स्वतःविषयीं खोटें बोलावें लागतें, त्या भाषेंत बोलणेंच कमी करावें असें त्याला वाटतें. घरांतील एखादें मूल विनाकारण अबोल होत गेलें, तर त्याचें कारण अभ्यासांत किंवा ग्रहदशेंत शोधण्यापूर्वीं वडीलधाऱ्यांनीं त्याच्याजवळ बसून थोडें ऐकावें.

आपल्या भाषेचा दुसराहि एक गुण येथें सांगितला पाहिजे. 'मूल' हा शब्द मराठींत नपुंसकलिंगी आहे. पाळण्यांतील जिवाला आपण 'तें' म्हणतों आणि त्यांत कोणाला कमीपणा वाटत नाहीं. कोंकणांत व गोव्यांत तर लहान मुलीलाहि लाडानें 'तें' म्हणण्याची रीत आहे. म्हणजे मुलगा कीं मुलगी हें ठरण्याआधीं तें आपलें मूल असतें, हें भाषेला ठाऊक आहे. आपण मात्र तें विसरतों.

दीडशें वर्षांतील कायद्याची वाटचाल

मराठ्यांच्या राज्यांत दख्खनमधील हिजड्यांस गांवोगांव मागण्याचा परंपरागत हक्क असे, व कांहींजवळ इनामजमीनहि असे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबई सरकारनें हे हक्क मान्य करण्याचें हळूंहळूं नाकारलें. पुढें १८७१ सालीं इंग्रज सरकारनें गुन्हेगार जमातींचा जो कायदा केला, त्याचा दुसरा भाग खास याच लोकांसाठीं होता. त्यांचीं नांवें व मिळकत सरकारी वहींत नोंदवावयाचीं. नोंदलेल्या व्यक्तीनें स्त्रीवेषांत रस्त्यावर दिसल्यास किंवा चारचौघांत नाचगाणें केल्यास तिला वॉरंटावांचून पकडावयाचें व दोन वर्षांपर्यंत कैद द्यावयाची. तिला अज्ञान मुलाचें पालक होतां येणार नाहीं, दत्तक घेतां येणार नाहीं, दान किंवा मृत्युपत्रहि करतां येणार नाहीं. हा भाग मुख्यतः उत्तरेकडील प्रांतांत राबविला गेला आणि १९११ च्या नव्या कायद्यांत तो राहिला नाहीं; परंतु साऱ्या समाजाला जन्मतः गुन्हेगार समजण्याची दृष्टि त्यानें मागें ठेविली. गुन्हेगार जमातींचा कायदा देशभर रद्द झाला तो स्वातंत्र्यानंतर, १९५२ सालीं.

यापुढें साठ वर्षें कायद्यानें या माणसांकडे पाहिलेंच नाहीं म्हटलें तरी चालेल. २०११ च्या शिरगणतींत पुरुष व स्त्री या दोन रकान्यांबरोबर प्रथमच 'इतर' असा तिसरा रकाना आला. त्यांत ४,८७,८०३ माणसें नोंदलीं गेलीं. पैकीं ४०,८९१ महाराष्ट्रांत. साऱ्या देशांत साक्षरतेचें प्रमाण शेंकडा ७४ असतां यांच्यांत तें शेंकडा ५६ भरलें. मला या आंकड्यांत सर्वांत बोलका वाटतो तो निराळाच आंकडा. या पावणेपांच लाखांहून अधिक माणसांत ५४,८५४ मुलें शून्य ते सहा वर्षांचीं होतीं. सहा वर्षांचें मूल स्वतः शिरगणतीच्या माणसाला उत्तर देत नाहीं. तें उत्तर घरांतील कोणीतरी मोठ्या माणसानें दिलें असलें पाहिजे.

१५ एप्रिल २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें राष्ट्रीय विधिसेवा प्राधिकरणाच्या अर्जावर निकाल दिला. न्यायमूर्ति राधाकृष्णन् व न्यायमूर्ति सिक्री यांच्यापुढें तो खटला चालला होता. राज्यघटनेंतील समतेचा, स्वातंत्र्याचा व सन्मानानें जगण्याचा हक्क पारलिंगी व्यक्तींसहि आहे. आपण स्त्री, पुरुष कीं तृतीयलिंगी हें ज्याचें त्यानें ठरवावें. त्यासाठीं शस्त्रक्रियेची अट घालूं नये. आणि शिक्षणांत व नोकऱ्यांत त्यांस मागासलेल्या वर्गाप्रमाणें सवलती द्याव्या, असा त्या निकालाचा सारांश. या खटल्यांत ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांनींहि आपलें म्हणणें न्यायालयापुढें मांडलें होतें. विशेष हें कीं, आपल्या आईवडिलांनीं आपल्याला टाकलें नाहीं, हें त्यांनीं वेळोवेळीं आवर्जून सांगितलें आहे. न्यायालयांत उभें राहण्याचें बळ त्यांना कोठून आलें, याचें निदान एक उत्तर तेथें सांपडतें.

निकालानंतर कायदा होण्यास साडेपांच वर्षें लागलीं. २०१६ च्या विधेयकांत तर पारलिंगी व्यक्तींची छाननी करणाऱ्या जिल्हासमित्या योजिल्या होत्या. आपण कोण आहोंत हें ठरविण्यास पंचमंडळ बसवावयाचें, याचा सार्वत्रिक निषेध झाला व तें कलम गळलें. ५ डिसेंबर २०१९ रोजीं राष्ट्रपतींची संमति मिळून जो कायदा झाला, त्यानें स्वतःच्या जाणिवेप्रमाणें ओळखलें जाण्याचा हक्क दिला, पण दाखला देण्याचें काम जिल्हादंडाधिकाऱ्याकडे सोंपविलें. २०२० च्या नियमांनीं त्यासाठीं प्रतिज्ञालेख पुरेसा धरून शारीरिक तपासणी अनावश्यक ठरविली. मात्र पुरुष किंवा स्त्री असा दाखला हवा असल्यास वैद्यकीय उपचाराचा पुरावा मागितला. या कायद्यावर टीकाहि पुष्कळ झाली, व ती निराधार नव्हती. पारलिंगी व्यक्तीवरील लैंगिक अत्याचारासहि त्यानें जास्तींत जास्त दोन वर्षांचीच शिक्षा ठेविली. स्त्रीवरील तशाच अत्याचाराला याहून कितीतरी कडक शिक्षा असतां हा भेद कां, याचें समाधानकारक उत्तर मिळालें नाहीं.

तथापि त्याच कायद्यांतील दोन कलमें आपल्यासारख्या एकत्र कुटुंबांनीं मुद्दाम वाचण्यासारखीं आहेत. पारलिंगी म्हणून कोणत्याहि मुलाला न्यायालयाच्या हुकुमाविना आईबापांपासून वेगळें करूं नये. त्याला घरांत राहण्याचा, घरांतील सोयी इतरांप्रमाणें वापरण्याचा हक्क आहे, असें बाराव्या कलमानें म्हटलें. आणि घरांतून किंवा गांवांतून हुसकून लावणारास सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद, असें अठराव्या कलमानें सांगितलें. ज्या अपराधाला आपण आजवर 'घराण्याची अब्रू राखणें' असें नांव देत आलों, त्याला कायद्यानें त्याच्या खऱ्या नांवानें हांक मारली.

शास्त्र काय म्हणतें?

येथें कोणी म्हणेल, कायदा कांहींहि म्हणो, आमचें शास्त्र याला मान्यता देत नाहीं. हा प्रश्न मला प्रत्यक्ष विचारला गेला आहे. माझ्या परिचयाचे एक वृद्ध गृहस्थ आहेत. तीन भावांचें कुटुंब, घरांत देवाधर्माचें सारें यथासांग. धाकट्या भावाचा मुलगा वीस वर्षांपूर्वीं घरांतून गेला तो गेला. आतां ती स्त्री म्हणून राहते व एका दूरच्या शहरांत नोकरी करते. आई अंथरुणाला खिळल्याचें कळल्यावर ती रजा काढून आली आणि तीन महिने तिनें आईचें सर्व केलें. आई गेली. तेराव्याच्या आदल्या दिवशीं हे गृहस्थ माझ्याकडे आले व म्हणाले, "मास्तर, तुम्ही संस्कृत जाणतां. हिला उद्यां पंक्तींत बसवावी कीं नाहीं? शास्त्र काय म्हणतें?"

मीं त्यांना जें सांगितलें तेंच येथें लिहितों. धर्मशास्त्रांत 'क्लीब' हा शब्द येतो. तो आजच्या पारलिंगी या शब्दाशीं तंतोतंत जुळत नाहीं, पण विरोध करणारे नेहमीं त्याचाच आधार घेतात, म्हणून त्याचाच विचार करूं. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत क्लीबाला, तसेंच जन्मांधादि इतर कांहींना, वांटणींत हिस्सा नाहीं असें म्हटलें आहे. लोक येथेंच ग्रंथ मिटतात. लगेच पुढच्या श्लोकांत काय आहे? या सर्वांना यथाशक्ति अन्नवस्त्र जन्मभर दिलें पाहिजे, आणि न देणारा पतित होतो. याज्ञवल्क्यस्मृतींतील दायविभागांतहि त्यांचें पोषण केलेंच पाहिजे असें सांगितलें असून, ज्या मिताक्षरेवर आपल्याकडील कुटुंबांचे व्यवहार शतकानुशतकें चालले, तिनें तोच अर्थ मान्य केला आहे. म्हणजे शास्त्रानें हिस्सा काढून घेतला, घर काढून घेतलें नाहीं. पतित म्हटलें तें घराबाहेर काढणाऱ्याला.

आणि तो हिस्साहि आतां कायद्यानें परत दिला आहे. १९२८ च्या कायद्यानें अशा व्यंगांवरून वारसा नाकारण्याची रूढि जवळजवळ संपविली. १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्यानें उरलासुरला अडथळा दूर केला. आणि २००५ च्या दुरुस्तीनें वडिलार्जित मिळकतींत मुलगा व मुलगी यांस सारखें केल्यावर, अपत्य मुलगा धरा कीं मुलगी, वाटा तोच राहिला. आजचा व्यवहार स्मृतींवर चालत नाहीं व चालूंहि नये. पण ज्यांना स्मृतींचाच आधार हवा आहे, त्यांनीं निदान एक श्लोक पुढें वाचावा.

त्या गृहस्थांना मीं इतकेंच म्हणालों कीं, ज्या हातांनीं आईला शेवटचें पाणी पाजलें ते पंक्तीला चालत नाहींत, असें सांगणारें वचन माझ्या वाचनांत नाहीं. दुसऱ्या दिवशीं ती पंक्तींत बसली. दोघे नातेवाईक उठून गेले, बाकीचे जेवले.

महाभारताची साक्ष तर सर्वांच्या तोंडीं असते. विराटाच्या अंतःपुरांत उत्तरेला नृत्य शिकविणारी बृहन्नडा आपल्याला पूज्य वाटते, कारण तो अर्जुन आहे हें आपल्याला आधींच ठाऊक असतें. तिला राजवाड्यांत ठेवून घेतांना विराटाला तें ठाऊक नव्हतें. शिखंडीची कथा याहून उद्बोधक आहे. कन्या म्हणून जन्मलेल्या त्या अपत्याला द्रुपदानें पुत्र म्हणून वाढविलें, त्याचें लग्न केलें, आणि फसवणूक झाली म्हणून व्याही सैन्य घेऊन चालून आला तेव्हांहि त्याला टाकलें नाहीं. पुढें शिखंडी पांडवांच्या सैन्यांत रथी म्हणून उभा राहिला. ज्याच्या पाठीशीं बाप उभा होता त्याला रणांगण मिळालें. ज्यांच्या पाठीशीं कोणी नाहीं त्यांना आपण चौकांतील दिव्याखालीं टाळी वाजवून मागतांना पाहतों.

दुसरें एकत्र कुटुंब

घरानें टाकलेलीं हीं माणसें जातात कोठें? तर एका दुसऱ्या एकत्र कुटुंबांत. किन्नर समाजांत नव्या व्यक्तीला गुरु करून घ्यावा लागतो. गुरु हा आईच्या ठिकाणीं; गुरूचा गुरु आजीच्या ठिकाणीं; एकाच गुरूचे चेले हीं भावंडें; चेल्याचा चेला हें नातवंड. वडिलांपुढें कसें बसावें, कमाई कोणाच्या हातीं द्यावी, भांडण कोणीं तोडावें, मृत्यूनंतर वस्तु कोणाकडे जाव्या, याचे ठरलेले नियम असतात. मुंबईंत तर पूनावाला, लखनौवाला, बुलाकवाला अशीं घराणीं आहेत. मूल जन्मलें कीं बधाई मागावयास ही मंडळी दारीं येते, आणि ज्यांना स्वतःच्या घरीं आशीर्वाद मिळाला नाहीं त्यांच्याकडून आपण नातवाला आशीर्वाद घेतों.

या व्यवस्थेंत जुलूम नाहीं असें नाहीं. कमाईचा मोठा वाटा वरच्यांकडे जातो, व भीक किंवा त्याहून वाईट व्यवसाय यांवांचून मार्ग उरत नाहीं. पण आश्रय मिळतो, आजारपणांत कोणीतरी उशाशीं असतें. कुटुंबाची ओढ माणसांत किती खोल असते, हें यावरून दिसतें. आपण ज्यांना कुटुंबाला कलंक म्हणून बाहेर काढलें, त्यांनीं बाहेर जाऊन पहिली कोणती गोष्ट केली? कुटुंब उभें केलें.

दाखला मिळाल्यावर

कायद्याचा उपयोग नाहीं असें माझें म्हणणें नाहीं. जळगांव जिल्ह्यांतील भादली बुद्रुक येथें अंजली पाटील यांनीं स्त्रियांसाठीं राखलेल्या प्रभागांतून ग्रामपंचायतीचा अर्ज भरला. त्या पारलिंगी म्हणून निवडणूक अधिकाऱ्यानें तो नाकारला. २ जानेवारी २०२१ रोजीं मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें, स्वतःला स्त्री म्हणवून घेण्याचा त्यांचा हक्क मान्य करून अर्ज घ्यावयास लावला, व त्याच महिन्यांत गांवानें त्यांना निवडून दिलें. अधिकाऱ्याला जें कळलें नव्हतें तें गांवकऱ्यांना कळलें होतें. २०२२ च्या डिसेंबरांत त्याच न्यायालयानें पोलीसभरतीच्या अर्जांत तिसरा रकाना ठेवण्यास महाराष्ट्र सरकारला लावलें. २०२३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें, पारलिंगी स्त्रीला पुरुषाशीं व पारलिंगी पुरुषाला स्त्रीशीं प्रचलित विवाहकायद्यांप्रमाणें लग्न करतां येतें, हें स्पष्ट केलें.

परंतु कायद्याचा हात कोठपर्यंत पोहोंचतो, हें कोचीच्या उदाहरणावरून दिसतें. तेथील मेट्रो रेल्वेनें २०१७ सालीं २३ पारलिंगी व्यक्तींना नोकऱ्या देऊं केल्या. साऱ्या देशांत वाहवा झाली. पण त्यांपैकीं कांहींनीं अवघ्या कांहीं आठवड्यांतच काम सोडलें. कारण त्यांना भाड्यानें खोली देण्यास कोणी तयार होईना. नोकरी सरकारच्या हातांत होती, खोली तुमच्याआमच्यासारख्या गृहस्थांच्या हातांत होती.

याच्या उलट मदुराईच्या नर्तकी नटराज यांचें उदाहरण पाहा. घर तुटल्यावर त्यांना आश्रय मिळाला तो गुरूचा. तंजावरच्या मराठे राजांपैकीं सरफोजीराजांच्या आश्रयानें ज्या चार बंधूंनीं भरतनाट्याचा क्रम बांधून दिला, त्यांच्या वंशांतील किट्टप्पा पिळ्ळै यांनीं त्यांना शिष्य म्हणून स्वीकारून वर्षानुवर्षें विद्या दिली. २०१९ सालीं नर्तकी नटराज यांना पद्मश्री मिळाली. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या पारलिंगी व्यक्ति. एका विद्वान् कुटुंबानें दार उघडलें, त्याचें हें फळ.

घरानें काय करावें?

उपदेश करण्याचा मास्तरांचा जुना रोग वाचकांनीं क्षमा करावा. पण शेवटीं चार व्यावहारिक गोष्टी सांगितल्यावांचून राहवत नाहीं. पहिली: मुलानें अशी कांहीं गोष्ट बोलून दाखविली तर मारहाण, अंगारा आणि ताईत यांच्या मार्गास जाऊं नये. समंजस डॉक्टराचा सल्ला घ्यावा. तोहि मुलाला 'सुधारण्या'साठीं नव्हे, समजून घेण्यासाठीं. घाईनें निर्णय लादूं नये आणि घाईनें नाकारूंहि नये.

दुसरी: लग्न केलें म्हणजे सारें ठीक होईल, हा विचार मनांतून काढावा. त्यानें आपल्या मुलाचें कल्याण तर होत नाहींच, शिवाय ज्या घरची निरपराध मुलगी किंवा मुलगा आपण आणतों त्याचाहि घात होतो. एक दुःख लपविण्यासाठीं दोन घरें उद्ध्वस्त करण्याचा अधिकार कोणाहि वडिलाला नाहीं.

तिसरी गोष्ट शाळेची. शाळेच्या जनरल रजिस्टरांत पहिल्या दिवशीं जें नांव व लिंग लिहिलें जातें, त्यावरूनच पुढें शाळा सोडल्याचा दाखला निघतो, आणि त्या दाखल्यावर आयुष्यभराचीं कागदपत्रें उभीं राहतात. तें बदलून घेण्यासाठीं प्रतिज्ञालेख, राजपत्रांतील जाहीर नोंद, कचेऱ्यांचे हेलपाटे असा व्याप असतो. एकट्या तरुणाला तो पेलत नाहीं. बरोबर बाप किंवा काका गेला तर कारकुनाचा आवाज खालीं येतो, हें कोणीहि अनुभवी मनुष्य सांगूं शकेल.

चौथी गोष्ट सर्वांत सोपी आणि सर्वांत अवघड. जिला घर इतकीं वर्षें 'तो' म्हणत आलें तिला 'ती' म्हणावयास जीभ वळत नाहीं. वळवावी. लग्न होऊन घरांत आलेल्या सुनेचें नांव आपण एका दिवसांत बदलून टाकीत असूं, आणि साऱ्या घराची जीभ आठवड्याभरांत त्या नव्या नांवाला सरावत असे. मग स्वतःच्या अपत्यानें स्वतः निवडलेलें नांवच तेवढें उच्चारण्यास कठीण कां जावें?

१८७१ सालीं सरकारनें या माणसांचीं नांवें गुन्हेगारांच्या वहींत लिहिलीं. २०१४ सालीं न्यायालयानें तीं नागरिकांच्या यादींत लिहिलीं. कायदा मनुष्यकृत आहे. एका विधिमंडळानें दिलेलें दुसरें विधिमंडळ आंखडूं शकतें. त्याची वाट पाहून घरांनीं थांबण्याचें कारण नाहीं. शिरगणतीचा मनुष्य यापुढें जेव्हां दारांत येऊन उभा राहील आणि घरांत माणसें किती म्हणून विचारील, तेव्हां वडील माणसानें सर्वांचीं नांवें सांगावीं. जें दूर गेलें असेल त्याचें नांव कागदावर चढणार नाहीं. पण तें ओठांवर यावें, आणि त्याच रात्रीं त्याला पत्र किंवा फोन जावा, कीं घर अजून तुझें आहे.